पाण्यावरचा फेटिया

लालीचं लग्न झालं ते साल एकोणीसशे एकसष्टचं. वैशाखात वरात आली तेव्हा बैलगाड्या तांड्याखालच्या वाटेनं धूळ उडवत आल्या. राखीला पोरगी पहिल्या माहेरपणाला निघाली तेव्हा ती वाट पाण्याखाली गेली होती. टेकडीला वळसा घालून लाली दिवस कलल्यावर घरी पोचली आणि दारातच बसून रडली.

"याडी, मले आपला तांडाच सापडेना. दुसऱ्याच तांड्यात जाऊन आली म्या. थे लोक हासले."

धनीबाईनं तिच्या हातात पाण्याचा लोटा दिला. आईला हसू आलं नाही, कारण तिचीही तीच गत होती. फुलसावंगीच्या वरच्या अंगाला सरकारनं नाला अडवला आणि एका पावसाळ्यात सगळं भरून आलं. त्या दिवसापासून धनीबाईला दिशा कळेनाशा झाल्या. आधी दिवस बाभळींच्या रांगेतून उगवायचा. आता दोन उगवायचे, एक वर आणि एक खाली पाण्यात. डोळे दिपायचे. शेण टाकायला निघालेली बाई उकिरडा ओलांडून पाण्याच्या काठाशी जाऊन उभी राहायची आणि आपण इथं कशाला आलो ते तिला आठवायचं नाही.

तिच्या नवऱ्याचं, गुलाबसिंग राठोडाचं, खालचं सारं काळं वावर पाण्यात गेलं. बदल्यात टेकडीवरचा मुरमाड तुकडा मिळाला. तिथं नांगर घातला की फाळ दगडावर ओरडायचा. बैलांच्या खांद्याला गाठी आल्या, जमिनीत काही आलं नाही.

तलाव भरला तसे पैनगंगेकडचे मासे धरणारे धिवर आले आणि काठावर पालं ठोकून राहिले. त्यांचा म्होरक्या धावजी. वाळलेल्या शेंगेसारखा म्हातारा, पण हाताचे पंजे मोठे. गुलाबसिंगच्या वावराच्या बुडालेल्या टोकाला सावरीचं एक जुनं झाड गुडघाभर पाण्यात उभं होतं. धावजीनं त्याला मिठी मारून पाहिली. हात पुरले नाहीत.

"झाड तुह्यं, हात माहे," तो गुलाबसिंगला म्हणाला. "या खोडात दोन डोंगे निघतात. एक तुले, एक मले."

"मी डोंगा घेऊन काय करू बाप्पा? त्याले बैल जुपू?"

"वावर गेलं, आता बैल कायले? मासे जुप."

दोघंही हसले. खोड कोरायला महिना गेला. डोंगा झाला तो एका माणसाच्या बसण्याइतका. दोन बसले तर काठ पाण्यालगत यायचा. धावजीनं जुन्या नाल्याच्या वळणावरची खोल जागा गुलाबसिंगला दिली. मासा तिथंच बसायचा.

"आमच्यात कायदा एकच हाय," तो म्हणाला. "जाळं ज्याचं थोच रोज उचलते, तोवर जागा त्याची. दुसऱ्याच्या हातानं उचलावं लागलं, का जागा गेली. मंग माहा पोरगा असो का तुहा बाप."

तांड्यात लोकांनी नाकाला पदर लावले. गोर बंजारा माणूस, बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवरून मीठ-धान्य वाहिलं, लदेणी केली, आणि हा मासे धरतो! गुलाबसिंगनं ऐकून घेतलं. टेकडीवर काही पिकत नव्हतं, वळणावर मासा होता. काही महिन्यांत तो जाळं टाकायला शिकला, धिवरांसारखा थुंकायलाही शिकला. धावजीची बायको रुखमाबाई त्याचे मासे आपल्या टोपल्यात घालून फुलसावंगीच्या बाजारात विकायची. घरात ज्वारी आली.

पुढच्या उन्हाळ्यात तलावाच्या भिंतीला दगड लावायचं काम निघालं. गुलाबसिंग तिथं गेला आणि दगडासकट खाली आला. उजवा खांदा निखळला. हाडवैद्यानं पाय लावून हात ओढला, खांदा बसवला, पट्टा बांधला. पट्टा सुटल्यावर पाहिलं तर हात छातीच्या वर जाईना आणि बोटांत जोर येईना. भाकर मोडता यायची, पिळा देता यायचा नाही.

एका हातानं वल्हं मारलं की डोंगा जागच्या जागी फिरायचा. काठावरून धावजीचा पुतण्या लटारू ओरडायचा, "काय गुलाबसिंग, घानी जुपली का?" लटारू तिशीतला गडी होता, त्याच्याकडं काठाजवळची उथळ जागा होती. आताशा तो आपला डोंगा वळणाच्या बाजूलाच उभा करायचा. नुसता उभा करायचा.

"थो वाट पाहून राह्यला," गुलाबसिंग घरी म्हणाला.

"कायची?"

"माहा हात पडाची."

मग धनीबाई डोंग्यात बसू लागली. पहिल्या दिवशी तिनं डोळे मिटून घेतले होते. खाली आपलंच वावर आहे हे तिला माहीत होतं, पण कुठं तूर होती, कुठं धुरा होता, ते कळेना. तो डाव्या हातानं वल्हं मारायचा, ती उजवीकडून. घाम यायचा. दंडभर घातलेल्या बांगड्या काठाला लागून खडखडायच्या आणि गुलाबसिंग म्हणायचा, "मासे पयतात ना धने, वाजवू नको."

कार्तिकातल्या एका सकाळी ती थकून वल्हं मांडीवर ठेवून बसली. पाठीवरून वारा आला. डोईवरून सोडलेल्या तिच्या ओढण्यात तो भरला, ओढणं फुगलं आणि तिच्या कपाळाला ओढ बसली. तिनं दोन्ही हातांनी टोकं धरली. डोंगा हळूच पुढं सरकला. कुणीच वल्हं मारत नव्हतं.

"लालीचे बापू," ती घाबरून म्हणाली, "हे कोन ओढून राह्यलं?"

गुलाबसिंगनं मागं पाहिलं, पुढं पाहिलं, पाण्यात हात घालून पाहिला.

"टोकं सोडू नको," तो म्हणाला. "धरून बस."

वळणापर्यंत ते तसेच गेले.

घरी आल्यावर त्यानं कापड शोधलं. गोणपाट जड पडलं, भिजल्यावर तर मेलेल्या म्हशीसारखं झालं. शेवटी धनीबाईनं आपला लग्नातला फेटिया काढला. घेर एवढा मोठा की कमरेची शिवण उसवली तर कापड अर्ध्या अंगणात पसरलं. लाल रंग विटला होता, पण काठाची आरशांची नक्षी शाबूत होती.

"आरसे काढू?" तिनं विचारलं.

"राहू दे. कापड फाटन."

डोंग्याच्या मधल्या फळीत भोक पाडून वेळू उभा केला, त्याला आडवा वेळू बांधला, त्यावर फेटिया चढवला. खालच्या कोपऱ्याला दोर. सकाळी वारा टेकडीकडून वळणाकडं वाहायचा, दिवस वर आल्यावर फिरायचा. जाताना फेटिया फुगला की सगळे आरसे एकदम चमकायचे आणि काठावर पाण्याचे कवडसे नाचल्यासारखे दिसायचे.

धिवरांचं काम थांबलं. सगळे पाहत उभे राहिले.

"अबे, बायकोच्या घागऱ्यात बसून चालला रे!" लटारू ओरडला.

"तू तं मायच्या पदराखाली बसते अजून," गुलाबसिंग पाण्यावरून ओरडला. धावजी दात नसलेल्या तोंडानं एवढा हसला की त्याला खोकला लागला. धनीबाईनं मात्र तोंड झाकून घेतलं. आपली गोष्ट अशी उघड्या पाण्यावर टांगलेली तिला पाहवेना. पण डोंगा चालत होता. चांगलं की वाईट, तिला ठरवता येईना.

पहिल्या आठवड्यातच ते पडले. दोर गुलाबसिंगनं डोंग्याच्या फळीला बांधला होता, म्हणजे धनीबाईनं बांधला होता, कारण गाठ मारायला दोन हात लागतात. ती लदेणीची गाठ होती. सासरा पूनमसिंग जिवंत असताना त्यानं नव्या सुनेला शिकवलेली. घाटातून उतरताना बैल उधळला तरी गोण सरकू नये म्हणून मारायची. ओझं जितकं ओढील तितकी ती आवळते. सोडायची तर एका हातानं फास मागं रेटायचा आणि दुसऱ्यानं आखूड टोक ओढायचं, मग लोण्यासारखी सुटते.

काठाजवळ वारा आडवा आला. फेटिया एका अंगाला भरला, डोंगा कलला. गुलाबसिंग डाव्या हातानं गाठीशी झोंबला. गाठ दगड झाली होती. धनीबाईचे हात पोचेपर्यंत दोघंही पाण्यात. मांडीभर पाणी आणि कोपरभर चिखल. धनीबाई उठायची आणि अंगावरचा भिजलेला घेर तिला पुन्हा बसवायचा. रुखमाबाई टोपलं खाली ठेवून हसत हसत आत आली आणि तिला बगलेत हात घालून बाहेर काढलं.

"काहून वो, तूर सोंगाले गेलती का?"

धावजी हसला नाही. त्यानं गाठ चाचपून पाहिली. "दोर बांधाचा नाई गड्या. हातात धराचा. जोर आला का सोडून द्याचा."

"सोडला तं ओझं पडते."

"हे ओझं नाई. वारं हाय."

"तुले काय ठाऊक? तू पायला का असा डोंगा कधी?"

"नाई पायला," धावजी म्हणाला. "पन मले भेव लागते."

त्या दिवसापासून दोर गुलाबसिंगच्या चांगल्या हातात आणि वल्हं धनीबाईच्या. ती मागं बसून वल्हं पाण्यात तिरपं धरायची, डोंगा वळायचा. कसा वळतो ते तिला शेवटपर्यंत समजलं नाही. हाताला समजायचं. तो म्हणायचा "धर", ती धरायची. तो म्हणायचा "सोडला बघ", आणि फेटिया रिकामा होऊन फडफडायचा. थंडीभर असं चाललं. वळणावरचे मासे सगळ्यांच्या आधी काठावर यायचे. रुखमाबाई बाजाराची पहिली गिऱ्हाइकं धरायची. एकदा परतताना वारा पडला आणि दोघं मधोमध थांबले. गुलाबसिंगनं तंबाखू मळायला तिच्या पुढं केली, कारण त्याला एका हातानं मळता येत नव्हती. तिनं मळून दिली, चिमूटभर आपणही घेतली. तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं की पाण्यावर बसायला बरं वाटतं. मग लगेच वाटलं की असं वाटायला नको, खाली वावर आहे.

संक्रांतीनंतर धिवरांची बैठक बसली. गुलाबसिंगला बोलावलं. धनीबाई मागं उभी राहिली.

"आमच्यात बाई मासा इकते," एक म्हातारा म्हणाला. "पन जाळ्यावर जात नाई. तुह्या डोंग्यात रोज बाई असते."

"तिनं जाळ्याले हात नाई लावला. म्या उचलतो. दातानं धरून उचलतो, पन म्याच उचलतो."

"डोंग्यात तं असते ना?" लटारू म्हणाला. "आज तुही बसली, उद्या आमच्या बसतीन. मंग घरी पोरं कोन पायन, धावजीकाका?"

लोक हसले. धावजी जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"गुलाबसिंग, बाई उतरव."

"एका हातानं दोर धरू का वल्हं धरू, धावजी? तूच सांग."

"थे तुह्यं तू पाय बाप्पा. सगळ्यायच्या पुढं मी एकटा काय करू?"

घरी येताना धनीबाईनं विचारलं, "थे आपल्याले हाकलून राह्यले का?" गुलाबसिंग म्हणाला नाही. थोडं चालून म्हणाला, कोण जाणे. तिला वाटत होतं की धावजी आपला माणूस आहे. मग त्यानंच का सांगितलं? लटारू हसून बोलतो, मग त्याचाच धाक का वाटतो?

चुलीपुढं बसल्या बसल्या गुलाबसिंगला उपाय सुचला.

"माहा बापू लदेणीत निजे ना, तवा म्होरक्या बैलाचा दोर कमरेले बांधे. बैल हालला का बापू जागा. दोर माह्या कमरेले बांध. हात मोकळा राहीन वल्ह्याले. वाऱ्यानं जोर केला का अंगाले समजन, मी तसा कलंडीन."

"धावजीनं बांधू नको म्हटलं."

"डोंग्याले बांधू नको म्हटलं. डोंगा लाकूड हाय, त्याले काय समजते? मी तं जिवंत हाय ना."

तिला त्यात कुठं चूक सापडेना. चूक आहेसं वाटत मात्र होतं.

रोज झुंजुमुंजू होताना ती काठावर त्याच्यापुढं उभी राहून त्याच्या पोटावर दोर आवळायची. लदेणीचीच गाठ, दुसरी तिला येत नव्हती. पाण्याला आलेल्या बायका टवाळी करायच्या, "नीट बांध वो, पयून जाईन." तो तिच्या डोईवरून वाऱ्याकडं पाहत उभा असायचा, शहाण्या बैलासारखा. परत आला की तीच सोडायची. कमरेवर दोराचे वळ उठले. तिनं एरंडाचं तेल लावलं.

माघ गेला, फाल्गुन गेला. तो एकटा जायचा, वारा फिरेपर्यंत पलीकडं थांबायचा, मग यायचा. लटारूचा डोंगा पुन्हा उथळ जागेवर दिसू लागला.

चैत्रात, रामनवमीच्या आदल्या दिवशी, सकाळी वारा पडलेला होता. गुलाबसिंग कसाबसा वल्हं मारत गेला. धनीबाई काठावर जाळ्याची फाटकी कड शिवत बसली. ऊन चढलं, अंग चिकट झालं. टेकडीमागून ढग आला, काळा नव्हे, मातीच्या रंगाचा. वळणावरून आरसे चमकले. निघाला, असं ती मनात म्हणाली. वावधन उठलं. धुळीनं डोळे भरले, तिनं ओढण्यानं तोंड झाकलं. काठावरची पालं उडाली, बायका टोपली धरायला धावल्या.

डोळे उघडले तेव्हा वारा निघून गेला होता. पाण्यावर फेटिया पसरलेला दिसला, वाळत घातल्यासारखा सपाट. तिला वाटलं, बरं केलं, वारा पाहून कापड उतरवलं. ती पुन्हा सुई ओवू लागली. दोरा सुईत जाईना. मग तिच्या मनात आलं की उतरवलं तर ते डोंग्यात पाहिजे, पाण्यावर कसं? आणि डोंगा कुठं आहे? तिनं उठून कपाळावर हात धरला. वळण कुठलं आणि काठ कुठला, तिला काही लागेना. एक लांबट काळं पाण्यावर पालथं पडलं होतं. मगर असते म्हणतात, ती अशी असेल का?

"लटारू!" धावजी ओरडत होता. "अबे लटारू, धाव!"

लटारूनं डोंगा घातला. लोकांनी नंतर सांगितलं की तो पुनःपुन्हा बुडी मारून आत गेला. धनीबाईला एवढंच दिसलं की फेटिया पाण्याखाली ओढला गेला आणि आरसे विझले.

गुलाबसिंगला काठावर आणून निजवलं. तोंडात चिखल होता. डाव्या हाताची नखं फाटली होती. कमरेपासून दोर, दोराला भिजून जड झालेला फेटिया, अर्धा अजून पाण्यात. धिवरांनी दोर सोडायला बोटं घातली. गाठ हालेना.

"विळा आन रे कोनी," धावजी म्हणाला.

धनीबाई खाली बसली. एका हातानं फास मागं रेटला, दुसऱ्यानं आखूड टोक ओढलं. गाठ सुटली. ती आपल्या दोन्ही हातांकडं पाहत राहिली.

"बाई, मी सांगतलं होतं..." धावजी बोलू लागला आणि मध्येच थांबला. तोंड फिरवून तो दूर जाऊन बसला.

संध्याकाळी टेकडीवर जाळलं. लालीला निरोप गेला होता, ती वळसा घालून यायची होती, पोचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे लटारू अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. अंगावर अजून वाळलेला चिखल दिसत होता.

"काकी, जाळं काल सकाळपासून पाण्यातच हाय. मासा सडून जाईन. मी उचलून आनतो. मासे सारे तुमाले देतो."

धनीबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. याच माणसानं काल बुड्या मारल्या होत्या. याच माणसानं बैठकीत तोंड उघडलं होतं. तो हात द्यायला आला होता की जागा घ्यायला? कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. त्याचे डोळे लाल होते.

"मी येते," ती म्हणाली.

"काकी, तुमी कशा?"

घरातल्या बायकांनी तिचा हात धरला. आज उंबरा ओलांडायचा नसतो, बाई, तुझं डोकं ठिकाणावर नाही. तिनं नाही म्हटलं नाही. हात सोडवून घेतला आणि उतरणीला लागली.

डोंगा लोकांनी सरळ करून काठाला लावला होता. वेळू मोडला होता. ती बसली आणि वल्हं मारलं. डोंगा फिरला. पुन्हा मारलं, पुन्हा फिरला. मागं बसायची सवय होती आणि आज ती पुढं बसली होती. काठावर धिवर जमले. तो बैठकीतला म्हातारा पुढं झाला तशी रुखमाबाई त्याच्या वाटेत उभी राहिली.

"जा ना मंग, माह्या अंगावरून," ती म्हणाली.

धनीबाई सरकून मागं बसली. डोंगा नीट झाला. वारा होता, पण आज तो तिच्या कामाचा नव्हता. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून मारत ती वळणाकडं गेली. लटारूचा डोंगा बराच अंतर ठेवून मागं येत होता. वळणावर तो थांबला. जवळ आला नाही.

जाळं जड होतं. ते कसं उचलायचं हे तिनं फक्त पाहिलेलं होतं. दोर हाताला कापला. अर्धे मासे मेलेले, फुगलेले. काही जिवंत. जाळ्यातून मासा काढताना काटा बोटात घुसला, रक्त आलं, तिनं बोट तोंडात धरलं. मेलेले तिनं पाण्यात टाकले, पुन्हा एक उचलून घेतला, पुन्हा टाकला. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हेही सांगणारं कुणी नव्हतं. मग तिनं जाळं परत पाण्यात सोडलं.

ती काठाला लागली तेव्हा धावजी पुढं आला. त्यानं टोपल्यात पाहिलं आणि मागं वळून साऱ्यांना विचारलं, "वळनावरचं जाळं आज कोनी उचललं?"

लटारू डोंगा ओढत होता, त्यानं मान वर न करता सांगितलं, "गुलाबसिंगच्या घरानं."

"मंग झालं," धावजी म्हणाला.

गुलाबसिंग पूनमसिंग राठोड सन एकोणीसशे त्रेसष्टच्या चैत्रात, रामनवमीच्या आदल्या दिवशी तलावात बुडून मेला. जाळं पुढं धनीबाईच उचलत राहिली. धावजी त्याच सालच्या भादव्यात तापानं मेला.